दिवस मावळायच्या आत

आमच्या तालुक्याच्या गावात तुरुंगाला कुणी तुरुंग म्हणत नसे. कचेरीच्या आवारात कडुनिंबामागं दगडी भिंतींची एक बैठी इमारत होती, ती सबजेल. कोर्टात केस चालू असलेली माणसं तिथं ठेवत. कुणी विहिरीवरची मोटार चोरलेली असायची, कुणी बांधावरून भावाचं डोकं फोडलेलं असायचं. काकीजी या सगळ्यांना 'पावणे' म्हणायच्या आणि त्यात चेष्टा नसायची. सबजेलला जेवण पुरवण्याचा ठेका त्यांच्याकडं होता. आपण ज्याला जेवू घालतो तो पाहुणा, एवढी साधी त्यांची समजूत होती.

काकीजी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. आमच्या कापडदुकानाला लागून त्यांचं घर होतं, आणि आमच्यासारखंच त्यांचंही घराणं दोन-तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून इकडं आलेलं होतं. त्यांचे यजमान डोंगरातल्या लोकांकडून हिरडा विकत घ्यायचे. ते गेल्यावर हिरड्याचा धंदा दिरांनी घेतला आणि काकीजींच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं. त्या स्वयंपाकघरातून त्यांनी सबजेल चालवलं, असं म्हटलं तरी चालेल.

मी पुण्याच्या इंग्रजी शाळेत, होस्टेलवर वाढलेली. कॉलेज संपवून परत आले तेव्हा गावात मला बोलायला कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला कुणाशी बोलायचंही नव्हतं. काकीजींना ते सोयीचं वाटलं. संध्याकाळी जेवणाच्या हातगाडीबरोबर त्या मला घेऊन जायला लागल्या. आईनं कारण विचारलं तर म्हणाल्या, "हिच्यासारखी सोबत मिळत नाही. बोलणारी माणसं बरोबर असली की माझं बोलणं राहून जातं."

त्यांचं बोलणं मात्र कधी राहून गेलेलं मी पाहिलं नाही. हवालदार, शिरस्तेदार, सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, सगळ्यांना त्यांनी एकाच पट्टीत झापलेलं होतं. पहाऱ्यावरचा एक पोलीस रोज डब्यातल्या चार चपात्या फडक्यात बांधून घरी न्यायचा. काकीजींनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं की घरी माणसं किती. तो म्हणाला, चार. "मग उद्या चौघांनाही घेऊन या. आत पंगतीला बसवते. ह्या पावण्यांच्या ताटातलं बाहेर जायचं नाही." आतले कैदी हसले, आणि पोलिसाची बदली होईपर्यंत ते त्याला 'चार चपात्या' म्हणत होते.

त्यांच्या जेवणात कांदा नसे, बटाटा नसे, लसूण तर लांबच. आम्ही जैन लोक जमिनीखालचं खात नाही, आणि जे आपण खात नाही ते दुसऱ्याला रांधून घालणंही काकीजींना मान्य नव्हतं. त्यावरून कैद्यांची कुरकुर असायची. जुन्नरकडचा एक सराईत चोर एकदा हात जोडून म्हणाला, "बाई, शिक्षा झाली तरी चालंल, पन मोठ्या जेलात धाडा. तिथं कांदा तरी घावतो."

"कांदा खाऊनच तू इथवर आलास," काकीजी म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव आमटी घातली.

पण त्यांचं खरं वेड दुसरं होतं. त्या दिवस मावळल्यानंतर पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. आमच्यात बरेच जण पाळतात; मी होस्टेलवर गेल्यावर सोडलं. काकीजींचं म्हणणं असं की नियम स्वतःपुरता पाळणं म्हणजे अर्धा पाळणं. आपण करायचं नाही, दुसऱ्याकडून करवायचं नाही, आणि कुणी करत असेल तर त्याला बरं म्हणायचं नाही. म्हणून सबजेलमधला प्रत्येक माणूस सूर्यास्ताच्या आत जेवलाच पाहिजे. घरात भिंतीवर देवळातून आणलेलं पंचांग टांगलेलं असे, त्यात सूर्यास्ताची वेळ बघून त्या निघायच्या. हवालदाराला किल्ली शोधायला वेळ लागला तर गजांवर पळी आपटायच्या. तुरुंगातही संध्याकाळी लवकर कोठड्या बंद करायचा नियम होता, त्यामुळं सरकारला त्यांचं वेड फार आवडायचं. नायब तहसीलदार, ज्यांच्याकडं सबजेलचा कारभार होता, पाहुण्या अधिकाऱ्यांना कौतुकानं सांगायचे की आमच्याकडं घड्याळ लागतच नाही. सगळे पावणे जेवल्याशिवाय काकीजी स्वतः घरी जाऊन जेवत नसत, त्यामुळं हिवाळ्यात कितीतरी दिवस त्या उपाशीच राहायच्या. त्याबद्दल कुणी काही म्हटलं तर त्यांना राग यायचा.

त्याच नायबसाहेबांकडं त्या वर्षी धरणग्रस्तांची शेडही आली.

नव्वदीचं दशक संपत आलेलं होतं. धरणात त्या श्रावणात पहिल्यांदाच इतक्या उंचीपर्यंत पाणी चढलं, आणि वरच्या, आहुप्याच्या दिशेच्या काही वाड्यांवरची माणसं सरकारी ट्रकांत घालून आमच्या गावाबाहेरच्या माळावर आणून सोडली. मी आमच्या दुकानाच्या पायरीवरून ते ट्रक जाताना पाहिले. त्यांत कोंबड्या होत्या, दळायची दगडी जाती होती, आणि उभ्या करून दोरीनं बांधलेल्या दाराच्या चौकटी होत्या. घरं सोडताना लोकांनी चौकटी उपटून आणलेल्या होत्या. माळावर पत्र्याच्या लांबलचक शेडी होत्या, मधे तरटाचे आडोसे. खाली कालव्याच्या भागात जमीन मिळणार, ती मोजून होईपर्यंत थोडे दिवस इथं राहा, असं त्यांना सांगितलेलं होतं. जो शेडमध्ये राहील त्याचंच नाव जमिनीसाठी पुढं जाणार, हेही सांगितलेलं होतं.

शाळेत मी धरणावर इंग्रजीत निबंध लिहिला होता. त्यात 'रिहॅबिलिटेशन' हा शब्द शुद्ध लिहिल्याबद्दल बाईंनी शाबासकी दिली होती. तो शब्द असा तरटाच्या आडोशाचा असतो हे मला माहीत नव्हतं.

त्या माणसांना जेवण कोण देणार, हा प्रश्न कचेरीनं एका दुपारीत सोडवला. सबजेलच्या ठेक्यातच ही माणसं जोडून टाकली. तीच आमटी, त्याच चपात्या, तीच वेळ. सबजेलचा हवालदार संध्याकाळी माळावर यायचा, शिट्टी वाजवायचा, सगळ्यांना ओळीत बसवून डोकी मोजायचा आणि मग पंगत वाढायची. पहिल्याच दिवशी काकीजींनी शिट्टीवरून भांडण काढलं. ही माणसं काय चोर आहेत का, असं त्यांनी विचारलं. हवालदार बिचारा म्हणाला, "काकी, मला मोजायची एकच पद्धत येती."

शिट्टी बंद झाली. मोजणी राहिली. आणि वेळ राहिली, कारण वेळेवरून भांडायचं काकीजींच्या मनातही आलं नाही.

दिवाळीपर्यंत सगळं बरं चाललं. डोंगरातल्या त्या बाया सुरुवातीला अंग चोरून बसायच्या, मग हळूहळू आमटी ढवळायला पुढं यायला लागल्या. त्यांच्यातली ठकूबाई सगळ्यांच्या वतीनं बोलायची. पन्नाशीची, काटक, तोंडानं तिखट. तिची नाचणीची आणि भाताची सगळी खाचरं पाण्याखाली गेलेली होती. तिनं काकीजींना ओळखलं होतं, म्हणजे यजमानांच्या हिरड्याच्या वखारीवरून. दोघी जुन्या बाजाराच्या गोष्टी काढायच्या. काकीजींना माळावर जायला सबजेलपेक्षा जास्त आवडायला लागलं होतं, असं मला वाटायचं.

दिवाळीनंतर खालच्या बागायती गावांत कांदालागवड सुरू झाली. बोरी बुद्रुकपर्यंतचे टेंपो पहाटे माळावर यायचे आणि शेडमधली जवळजवळ सगळी धडधाकट माणसं भरून न्यायचे. थोडे दिवस म्हणून आणलेली माणसं, त्यांना चार महिने होऊन गेले होते, आणि नुसत्या आमटी-चपातीवर कपडालत्ता, औषधपाणी होत नाही. ती कामाला जाणारच होती. टेंपो परत यायचा तेव्हा पार अंधारून आलेलं असायचं.

इकडं थंडीत दिवस लहान होत गेले, तसतशी काकीजींची हातगाडी आणखी लवकर निघायला लागली. माळावर पोचलो की चार म्हातारी माणसं आणि काही पोरं. पंगत सुरू व्हायच्या आत संपायची. भरलेली पातेली परत यायची. टाकून द्यायचं म्हणजे पाप, म्हणून काकीजी ते गल्लीतल्या गाईंना घालायच्या आणि घालताना बडबडायच्या. त्यांचा समज असा झाला की डोंगरातल्या लोकांना आपलं बिनकांद्याचं अन्न नको झालंय. त्यांचा अपमान झाला होता. माझा अंदाज वेगळा होता, कारण टेंपो मी दुकानातून बघत होते. मी तो सांगितलाही, पण काकीजी म्हणाल्या, जेवायची वेळ ही जेवायची वेळ असते, कामाला सुट्टी घेऊन माणूस जेवतोच. अपमान झालेल्या माणसाला टेंपो दिसत नाही.

आणि त्यांनी ती तक्रार केली. कचेरीत जाऊन नायबसाहेबांना म्हणाल्या, "तुमचे माळावरचे पावणे जेवत नाहीत. मला अन्न फेकायला लावू नका."

नायबसाहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. एरवी त्यांच्या तक्रारीवर कधीच काही होत नसे. यावेळी आठवड्याच्या आत झालं. शेडमधले बहुतेक लोक तिथं राहत नाहीत, जेवणाची गरज उरलेली नाही, असं जेवण पुरवणाऱ्या बाईंनी स्वतः सांगितल्याचं वर कळवलं गेलं. जेवण बंद. पंधरवड्यात शेड मोकळी करायची. राहतच नाहीत, तर जमिनीसाठी नावं पुढं पाठवायचा प्रश्नच नव्हता.

मला अजूनही त्या हुशारीचा संताप येतो. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणाला काठी मारली नाही. एका धर्मभोळ्या बाईच्या तोंडचं वाक्य उचललं आणि जिथं हवं होतं तिथं ठेवलं.

ठकूबाई दुसऱ्या दिवशी कामावर गेली नाही. सकाळी काकीजींच्या घरी आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हातांना कांद्याच्या रोपांचा वास येत होता. मी तिथं चपात्या मोजत बसले होते. ती भांडायला आली असेल असं मला वाटलं, पण ती हळू आवाजात बोलली.

"शेठाणीबाई, तुमचा धरम दिस मावळायच्या आत जेवतो. आमचं काम दिस मावळल्यावर सुटतं. यात खोटं कुनाचं न्हाई. पन आमी तिथं ऱ्हात न्हाई, आसं तुमी कसं वो म्हनला?"

काकीजी म्हणाल्या, "मी तसं नाही म्हणाले. माझं जेवण तुम्हाला आवडत नाही, असं वाटलं मला."

"आवडलं नसतं तर सांगितलं नसतं का आमी? दिसभर कांदा लावायचा आन रातच्याला बिनकांद्याचं खायाचं, म्हंजी जरा वंगाळच. पन गरम व्हतं." एवढं बोलून ती थोडं हसली. काकीजी हसल्या नाहीत. त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि डोक्यावरून पदर घेतला. मला म्हणाल्या, चल.

नायबसाहेब नेहमीसारखे अदबीनं वागले. काकीजींनी सांगितलं की चूक माझी आहे, लोक कामाला जातात, उशिरा येतात, वेळ बदला. ते म्हणाले, ठेका सबजेलचा आहे आणि ठेक्यात वेळ एकच आहे. काकीजी म्हणाल्या, मग माळाची वेळ वेगळी लिहा. ते हसले. "आणि काकीजी, समजा लिहिली. दिवस मावळल्यावर चूल पेटवणार कोण? तुम्ही?"

त्यांनी तो प्रश्न फार सहज विचारला, उत्तर माहीत असल्यासारखा. काकीजी उठल्या आणि कचेरीबाहेर पडल्या.

त्या काळात गावात साध्वीजी नव्हत्या. चातुर्मास संपवून त्या पुढं निघून गेल्या होत्या. विचारायला कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी सबजेलचं जेवण नेहमीप्रमाणं वेळेत झालं. परत आल्यावर काकीजी ओट्यावर बसून राहिल्या. समोरच्या डोंगरामागं सूर्य गेला. मग त्या उठल्या आणि त्यांनी शेगडी पेटवली.

धाकटी जाऊ धावत आली. तिला वाटलं काकीजींना काहीतरी झालंय. तिनं आठवण करून दिली की करवणं हेही करण्याइतकंच असतं. काकीजी पीठ मळत म्हणाल्या, "माहीत आहे. मीच शिकवलंय तुला. प्रायश्चित्त माझं मी बघेन, तू पाणी आण." जावेनं पाणी आणलं नाही. मी आणलं.

तेव्हापासून रोज दोन हातगाड्या निघायला लागल्या. एक दिवसाउजेडी सबजेलला, सरकारच्या खर्चानं. दुसरी अंधार पडल्यावर माळावर, काकीजींच्या. त्या स्वतः तिथं पाणीही प्यायच्या नाहीत. कंदिलाच्या उजेडात वाढायच्या आणि प्रत्येकाला विचारायच्या, पोट भरलं का. देवळात बायका त्यांच्यापासून थोडं दूर बसायला लागल्या. कुणी उघड बोललं नाही. आमच्यात उघड बोलत नाहीत, चटई सरकवतात.

एवढं करून सरकारच्या हिशेबी ते जेवण झालंच नव्हतं. काकीजी पुन्हा कचेरीत गेल्या तेव्हा त्यांना समजावून सांगण्यात आलं की अंधारातली पंगत हा त्यांचा खाजगी दानधर्म आहे. शेडमध्ये कोण राहतं हे संध्याकाळच्या मोजणीवरून ठरतं, आणि मोजणी हवालदार पाचला करतो. लोकांनी पाचला हजर राहावं. कोणी अडवलंय?

म्हणून लोक हजर राहिले. एका दिवसाची मजुरी सोडून सगळी शेड माळावर थांबली. टेंपोवाले शिव्या देत रिकामे गेले. बायांनी पोरांचे केस विंचरले, म्हाताऱ्यांना बाहेर आणून बसवलं. आम्ही त्या दिवशी उजेडीच हातगाडी घेऊन पोचलो तेव्हा ओळी आधीच बसलेल्या होत्या. मी त्यांना असं सगळ्यांना एकत्र, उजेडात, कित्येक आठवड्यांनी पाहत होते. लग्नाच्या पंगतीसारखं वाटत होतं, फक्त सगळ्यांचे डोळे रस्त्याकडं होते.

हवालदार आला नाही.

काकीजींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग मला घेऊन सबजेलवर गेल्या. हवालदार तिथंच होता, कोठड्यांसमोर बाकावर बसलेला. उठून उभा राहिला, पण वर बघेना.

"चला," काकीजी म्हणाल्या. "माणसं खोळंबलीत."

"काकी, आज माळावर जायचं न्हाई आसं सांगितलंय."

"कोणी?"

त्यानं किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवला. कोठडीतून तो जुन्नरचा चोर गजांना धरून ऐकत होता. तो म्हणाला, "बाई, मला सोडा घटकाभर, मी मोजून येतो. मोजनी मला चांगली येती." एरवी काकीजींनी त्याला काहीतरी ऐकवलं असतं.

आम्ही परत माळावर आलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. सगळी डोकी आमच्याकडं वळली, आणि आमच्यामागं कुणी नाही हे सगळ्यांनी पाहिलं. वाढावं की थांबावं, असं मी हळूच विचारलं. मोजणी झाल्याशिवाय वाढलं तर लोकांनी मजुरी सोडून थांबण्याला अर्थच उरला नसता.

काकीजींनी डाव हातात घेतला. "मोजणारा आला नाही. जेवणारे आलेत," त्या म्हणाल्या आणि ठकूबाईच्या ताटापासून सुरुवात केली.

पंधरवडा संपला तेव्हा पत्रे काढायला मजूर आले. त्या दिवशी हवालदार आला होता, बंदोबस्ताला. माणसांनी चौकटी उचलल्या आणि माळाच्या दुसऱ्या टोकाला, कालव्याच्या भरावाखाली प्लॅस्टिकचे कागद ताणून पालं घातली. काहीजण पाण्याच्या वरच्या अंगाला नातेवाइकांकडं गेले. जमीन पुढं काहींना मिळाली, कितीतरी वर्षांनी, कोर्टकचेऱ्या करून. ठकूबाईला मिळाली नाही. ती शेडमध्ये राहत नव्हती असं कागदोपत्री ठरलेलं होतं, आणि ते खोटं ठरवायला जी मोजणी लागली असती ती झालेलीच नव्हती.

मार्च उजाडला तसा सबजेलच्या ठेक्याचा प्रश्न आला. नायबसाहेब स्वतः काकीजींच्या घरी आले. दरवर्षी त्या अर्ज घेऊन कचेरीत जायच्या, या वर्षी गेल्या नव्हत्या. मी आत चहा करत होते. दार उघडं होतं. साहेबांनी झाल्या गोष्टीबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं, वरून दबाव असतो म्हणाले. मग म्हणाले, या कामात तुमच्यासारखं वेळेचं भान असलेलं माणूस मिळणार नाही, तेव्हा ठेका पुढं चालू ठेवा.

काकीजींनी सांगितलं की त्यांना तो नको आहे.

साहेबांना ते खरं वाटलं नाही. काळजीच्या सुरात म्हणाले, "मग सबजेलमधल्या माणसांचं काय? तुमचे पावणे आहेत ते."

"त्यांना तुम्ही उपाशी ठेवणार नाही," काकीजी म्हणाल्या. "त्यांच्या मिठाचासुद्धा नियम आहे तुमच्याकडं. ज्यांनी पळून जाऊ नये असं तुम्हाला वाटतं, त्यांना तुम्ही जेवू घालताच. ज्यांनी निघून जावं असं वाटतं, त्यांचं मला बघू द्या."

मी चहा नेऊन ठेवला. साहेबांनी तो घेतला नाही. बाहेर अंधारायला लागलं होतं. काकीजींनी मला हाक मारून सांगितलं की चहा झाला असेल तर शेगडी बंद करू नकोस, तिच्यावर मोठं पातेलं चढव.